पोरं जोखणारी काटेवाली

"पोरं बरी आहेत" असं काटेवालीला कोणी सांगितलं, की ती डोक्यावरची पाटी खाली ठेवायची आणि विचारायची, "बरी म्हणजे किती?" बरी म्हणजे किती, याला उत्तर काय द्यायचं? मग काटेवाली पाटीच्या तळातून टांगायचा काटा काढायची, आंब्याच्या फांदीला अडकवायची, खाली जुन्या लुगड्याची झोळी बांधायची आणि त्यात पोर घालायची. तासाभरापूर्वी ज्या काट्यावर तांदूळ आणि बोंबील जोखले, त्याच काट्यावर पोर. जोखून झालेलं पोर दिवसभर सुक्या बोंबलाच्या वासाचं फिरायचं आणि पाड्यावरची मांजरं त्याच्या मागे.

ती धाकट्या डहाणूची. दर मंगळवारी पहिल्या टमटमने डहाणूला यायची, तिथून एस.टी.ने तलासरीला, आणि पुढे डोक्यावर पाटी घेऊन आमच्या पाड्यांवर पायी. पाटीत बोंबील, जवळा, सुकी मांदेली. आम्ही तिला तांदूळ, नागली, वाल द्यायचो, म्हणून काटा लागायचा. तो काटा घोलवडच्या कुठल्याशा चिकूवाल्याने टाकून दिलेला. त्याची स्प्रिंग सैल झाली होती आणि रिकामा असतानाच तो अर्धा किलो दाखवायचा. ती जोखताना मोठ्याने म्हणायची, "अर्धा काट्याचा, बाकी तुझा." आम्ही सगळे तिला काटेवालीच म्हणायचो. तिचं नाव हिराबाई, हे मला फार वर्षांनी तिच्या घरी गेले तेव्हा कळलं.

आमच्याकडची रीत माहीत नसेल त्याच्यासाठी सांगते. पावसाळा सरत आला की बापये गुजरातला बोटींवर खलाशी म्हणून जातात, ते थेट पुढच्या पावसाला परततात. दिवाळी झाली की बाकीचे वीटभट्टीवर, कोणी चिकूच्या वाडीत, कोणी कंपनीत. पाड्यावर म्हातारी माणसं, कोंबड्या आणि पोरं उरतात. पोरांचे मग वाटे होतात. एक आजीकडे, एक आत्याकडे, एक मावशीकडे. ज्याच्याकडे पोर येतं तो वाईट नसतो. त्याच्या घरी आधीच चार असतात, त्यात हे पाचवं. कोणी मारत नाही, उपाशी ठेवत नाही. पण चार पोरांवर ओरडणाऱ्या बाईला पाचवं ओरडत नसेल तर त्याची आठवण राहत नाही, एवढंच.

पोरं जोखायचं खूळ तिच्या डोक्यात एका आईनेच घातलं. आमच्या पाड्यावरची ही बाई नवऱ्याबरोबर घोलवडच्या वाडीत राहायची आणि तिचा मुलगा इथे तिच्या बहिणीकडे असायचा. काटेवाली घोलवडलाही जायची. त्या बाईने विचारलं, "पोरगा कसा आहे?" काटेवाली म्हणाली, "बरा हाय." ती बाई म्हणाली, "बरा म्हणजे किती?"

"इतकी वर्षं मासे विकले," काटेवालीने मला सांगितलं होतं, "भाव पाडणाऱ्या शंभर बायांना गप केलं मी. पण ह्या बायने मला उभीच्या उभी मुकी केली. किती सांगू? मी काय जोखला होता त्याला?"

पुढच्या मंगळवारी तिने त्याला जोखलं. घोलवडला जाऊन सांगितलं, अठरा. आई रडली म्हणे. अठरा जास्त की कमी हे तिलाही ठाऊक नव्हतं, पण कोणीतरी आकडा आणला याचंच तिला रडू आलं. मग दुसरी बाई आली, तिसरी आली. दोन वर्षांत काटेवालीकडे तीसेक पोरं झाली. तिचा फायदा काय, असं मी एकदा तोंडावर विचारलं. ती म्हणाली, "ज्या घरचं पोर मी जोखते, त्या घरची बाय दुसरीकडून जवळा घेत नाय." हे खरं होतं. पूर्ण खरं नव्हतं, पण मीही खोदून विचारलं नाही.

काट्याच्या आधी ती पोराला हाताने बघायची, आणि बघायची ती माशासारखी. डोळ्याची खालची पापणी ओढायची, मान चाचपायची, पोट दोन बोटांनी दाबून सोडायची. "मासा ताजा हाय का हे माशाला विचारून कळत नाय," ती म्हणायची. "पोराला तरी काय विचारायचं? आईबाप लांब असलेलं पोर खोटंच बोलतं. 'बरा हाय' म्हणतं. बापापेक्षा शाणं असतं ते."

लिहायला तिला येत नव्हतं. काट्यावरचे आकडे वाचता यायचे, तेवढ्यावर तिने काम भागवलं. जाळं विणायच्या नायलॉनची एकेक दोरी तिने एकेका पोराच्या नावाने पाटीच्या काठाला बांधली होती. कोणाची हिरवी, कोणाची निळी, एखादीला लाल चिंधी. किलोला एक गाठ. पोर किलोने वाढलं की गाठ वाढायची, उतरलं की एक गाठ सुटायची. कोणाची दोरी कोणती हे ती कधी चुकली नाही. तीस दोऱ्या लोंबणारी ती पाटी डोक्यावर घेऊन ती शेताच्या बांधावरून यायला लागली की लांबून वाटायचं, लग्नात मुंडावळ्या बांधतात तशा कोणीतरी माशांना बांधल्या आहेत.

नायलॉनची गाठ सुटता सुटत नाही. ती दातांनी सोडवायची. आणि सुटली तरी तिथे दोरीला वळी राहते, कितीही ओढा, जात नाही. त्यामुळे कुठलं पोर कधी उतरलं होतं हे दोरीवर कायमचं दिसायचं. पोराने पुढे चांगलं अंग धरलं, गाठी वाढल्या, तरी आईला ती वळी आधी दाखवायची. आया वळीकडे बघायच्या. गाठी मोजायचं त्यांना नंतर सुचायचं.

तिच्या काट्याला सगळा पाडा वचकून असायचा. मंगळवार म्हटला की सोमवारी संध्याकाळपासून परक्या पोरांचे लाड सुरू. विहिरीजवळच्या कमळीने एकदा भाच्याला सकाळीच तीन ताटं भात कोंबला. काटेवालीने त्याला झोळीत घातलं, झोळी दोन झोके हलली आणि पोराने सगळा भात झोळीत परत दिला. काटेवाली कमळीला म्हणाली, "आता ह्याला जोखू की भाताला?" दुसऱ्या एकीने पोराच्या चड्डीच्या खिशात दगड घातले होते. तेव्हापासून ती पोरांना नागडी जोखायला लागली. मग बायका पाणी पाजायला लागल्या. त्यावर तिचा उपाय साधा होता. पोराला आधी माझ्या ओट्यावर बसवायचं, बाकीची घरं फिरून यायचं, आणि मग म्हणायचं, "जा, आता मुतून ये." पोर जाऊन आलं की मग काटा.

अंगणवाडीची ताई तिच्यावर चिडलेली असायची. ताईकडे पण काटा होता, सरकारी, नीट आकडे दाखवणारा, आणि रंगीत रेघांचं कार्ड. ती म्हणायची, "मासळीच्या काट्यावर मुलं काय जोखता? मी आहे ना." काटेवाली म्हणायची, "तू हायस गो, पण सहा वर्षांपर्यंत. सातव्या वर्षी पोर हवा खाऊन जगतं काय?" पुढे मी ताईला एकदा काटेवालीच्या दोऱ्या मोजून वहीत उतरवताना पाहिलं. मला बघून तिने वही मिटली.

हे सगळं मी हसत हसत बघत होते, कारण ते दुसऱ्यांच्या घरचं होतं.

मग माझ्या घरचं झालं. माझा थोरला मुलगा बोटीवर होता. त्या वर्षी होळी झाल्यावर त्याची बायकोही उंबरगावला एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला लागली. चार बायकांबरोबर खोली घेऊन राहायची. त्यांची मुलगी वनी, सात वर्षांची, माझ्याकडे राहिली. म्हणजे झोपायला माझ्याकडे. समोर माझ्या धाकट्या मुलाचं घर, म्हणजे वनीची काकी. चार घरं सोडून वनीचा मामा. तीन घरांत एक पोरगी. आम्ही तिघं एकमेकांना ऐकवायचो की पोर खरी आमच्याकडेच जेवते. मामी तर विहिरीवर सांगायची, "आमच्या घरचंच जेवण आवडतं तिला." आई कामाला गेली तेव्हा काटेवालीने वनीला जोखलं होतं. सतरा गाठी, पिवळी दोरी. त्यानंतर शाळेमुळे ती मंगळवारी काट्यावर आलीच नव्हती.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी मी काटेवालीला म्हटलं, "वनीला राहू दे. बरी आहे ती."

तिने पाटी खाली ठेवली. "म्हातारे, तू पण?"

झोळी बांधली. वनी आत बसली. काटा साडेपंधरावर थांबला. "अर्धा काट्याचा," ती म्हणाली आणि पुढचं बोललीच नाही. मला वाटलं काटा बिघडला. मी तसं म्हटलंही. तिने वनीला उतरवलं आणि माझी आधीच जोखून ठेवलेली पाच पायली तांदळाची गोणी टांगली. काटा नीट होता.

तिने पिवळी दोरी दातांत धरली आणि दोन गाठी सोडवल्या. गाठ सोडवताना ती थुंकायची, ते मी इतकी वर्षं बघत होते. त्या दिवशी मला वाटलं ती माझ्यावरच थुंकते आहे.

"मी हिला उपाशी ठेवते असं म्हणायचंय तुला?" मी विचारलं.

"मी काय म्हणत नाय. काटा म्हणतो." तिने दोरी पाटीला बांधली. "पुढल्या मंगळवारपर्यंत मी तोंड उघडत नाय. तोवर एक तरी गाठ परत पाड. नाय पडली तर शनवारी उंबरगावला तुझ्या सुनेला दोरी दाखवणार."

सुनेने दोरी बघितली तर ती पोरीला घेऊन जाणार, हे मला ठाऊक होतं. आणि तिथे काय होतं? एक खोली, पाळीने झोपणाऱ्या पाच बायका, आणि कामावर जाताना बाहेरून कडी. वनी इथे आंब्यावर चढत होती. तिथे ती कडीकडे बघत बसली असती. मला पोरीचा फार लळा होता असं मी म्हणणार नाही. सात वर्षांची पोरगी म्हणजे डोक्याला तापच असतो. पण ती जाऊ नये असं मला वाटत होतं.

त्या आठवड्यात मी वनीच्या मागे लागले. "जेवलीस?" "हो आजी, काकीकडे." "दुपारी?" "मामाकडे." मी म्हटलं, बघा, जेवते की पोरगी. तिच्या पोटात जंत असणार. मी तिला कडू काढा पाजला. मंगळवार उजाडला तेव्हा पोरगी होती तशीच होती, वर काढ्याने तोंड वाकडं झालेलं.

मग मी केलं ते सांगते. मी तिला दोन तांबे पाणी पाजलं. ज्या बाईने साऱ्या पाड्याची पाणी पाजायची चोरी पकडली, तिच्यासमोर मी पाणी पाजलेली पोरगी उभी केली. माणूस घाबरलं की अक्कल आधी जाते.

काटेवालीने वनीच्या पोटावर दोन बोटं ठेवली. पोट पखालीसारखं तट्ट. तिने नुसतं विचारलं, "कोणी पाजलं गो?"

वनीने माझ्याकडे बोट केलं. "आजीने. आणि सांगितलं, मुतायला जाऊ नको."

काटेवालीने काटा काढलाच नाही. ती ओट्यावर बसली आणि वनीला मांडीवर घेतलं. "काल संध्याकाळी जेवलीस?"

"हो. काकीकडे."

"भाजी कसली होती?"

वनी ओट्याचं सारवण नखाने खरवडायला लागली. काटेवालीने समोर हाक मारली, "धाकटे, जरा ये गो इकडे." माझी धाकटी सून पदराला हात पुसत आली. "काल ही काय जेवली तुझ्याकडे?"

"माझ्याकडे? माझ्याकडे नाही जेवली. म्हणाली, आजीकडे जेवून आले."

"दुपारी?"

"दुपारी मामाकडे जेवते ती."

वनीच्या मामीला बोलावणं गेलं. ती येता येता म्हणाली, "आजीकडे जेवले म्हणून सांगते ती आम्हांला. मला वाटायचं, म्हातारी पोरीला आमच्याकडे जेवू देत नाही."

एका पोरीला तीन घरं, तीन चुली, आणि ती जेवत होती सकाळचा चहा आणि बटर. शाळा होती तोवर शाळेतली खिचडी मिळत होती. मे महिन्यात तीही बंद. काटेवालीला हसू फुटलं. ती इतकी हसली की पाटीवरच्या दोऱ्या हलायला लागल्या. म्हणाली, "घरोघर मासे विकले, पण असं घर नाय बघितलं. तीन बाया मिळून एक पोर उपाशी ठेवतात आणि तिघी भांडतात, मीच जास्त जेवायला घालते म्हणून."

मला हसू आलं नाही. धाकटी रडायला लागली होती.

पोरगी असं का करते हे काटेवालीनेच काढून घेतलं. वनीच्या आईचा फोन काकीच्या मोबाइलवर यायचा. त्या मोबाइलला रेंज फक्त काकीच्या ओट्यावर, कोपऱ्यातल्या खांबाजवळ. कंपनीतली पाळी बदलली की एक आठवडा फोन दुपारी यायचा, एक आठवडा संध्याकाळी. नेमका कधी येईल ते आईलाही माहीत नसायचं. पोरगी जेवणाच्या वेळेला खांबाजवळ जाऊन बसायची, फोन हुकू नये म्हणून. जेवायला उठलं की फोन येईल अशी तिला भीती. मग तीन घरांत तीन वेगळ्या गोष्टी सांगायची आणि खांबाला टेकून बसायची. फोन आला की आई विचारायची, "जेवलीस का?" ही सांगायची, "हो." आई खूश, ही खूश. रोज.

"बरं," काटेवाली म्हणाली, "आजपासून जिथे फोन तिथे ताट. खांबाजवळ. आणि हिचं एकटीचं नाय, तिघींनी आपापली ताटं घेऊन तिथेच बसायचं. बघू कोण कोणाकडे जेवतं ते."

त्या दिवसापासून आम्ही सगळे धाकटीच्या ओट्यावर जेवायला लागलो. मामी आपलं कालवण घेऊन यायची आणि मी माझं, आणि दोघी एकमेकींच्या कालवणाला नाव ठेवायचो. पण जेवायचो.

शनिवारी काटेवालीने उंबरगावला जाऊन सुनेला सगळं सांगितलंच. दोरी दाखवली, दोन वळ्या दाखवल्या. मी नंतर तिला म्हटलं, "गाठ पडायला वेळ देते म्हणाली होतीस." ती म्हणाली, "वेळ दिला होता ना आठ दिवस. त्यात तू पाणी पाजलंस."

रविवारी सून आली ती रिकामी पिशवी घेऊन, पोरीचे कपडे भरायला. माझ्याशी धड बोलली नाही. "आई, मी हिला घेऊन जाते."

"ने," मी म्हटलं. "पण आधी जेव."

ती खांबाजवळ बसली. वनी तिला चिकटून बसली आणि तिच्या ताटातली भाकरी खाऊन मग स्वतःची खाल्ली. जेवताना मोबाइल वाजला, कोणाचा तरी भलताच फोन. वनी उडालीच. ताट सोडून खांबाकडे झेपावली. आई शेजारी बसलेली असताना. सुनेने ते बघितलं. बराच वेळ तिने भात नुसता कालवला.

पिशवी तिने भरली नाही. कंपनीत निरोप धाडून मंगळवारपर्यंत राहिली, जोखणं स्वतः बघायला. मंगळवारी वनीला आधी धुऊन पुसून, पाण्याचा थेंब न पाजता झोळीत घातलं. काटा सोळावर थांबला. अर्धा काट्याचा. म्हणजे आठवड्यात अर्धा किलो चढली. अर्ध्या किलोला गाठ कशी बांधायची, हा प्रश्न काटेवालीला कधी पडला नव्हता. तिने थोडा विचार केला आणि दोरीला एक सैल फास दिला, ओढला नाही. सुनेच्या हातात देऊन म्हणाली, "हा आठ दिवसांनी ओढू. आणि तू फोनवर 'जेवलीस का' विचारू नको. 'काय जेवलीस' विचार. भाजी कसली, कोणी वाढली, शेजारी कोण बसलेलं. खोटं बोलणाऱ्याला भाजीचं नाव पटकन सुचत नाय."

सून रिकामी पिशवी घेऊन एकटी परत गेली. पुढच्या मंगळवारी तो फास ओढला. जूनमध्ये मुलगा बोटीवरून आला तेव्हा दोरीवर पुन्हा सतरा गाठी होत्या. त्याला काही पत्ताच नव्हता. तो म्हणाला, "वनी बरी दिसते." त्याला भेटायला आलेली सून, धाकटी, मामी आणि मी, चौघी एका सुरात म्हणालो, "बरी म्हणजे किती?"

पुढची आठ-नऊ वर्षं काटेवाली येत राहिली. मग एक मंगळवार आली नाही. दुसरा नाही. महिना झाला. एस.टी.च्या कंडक्टरकडून कळलं की गुडघा गेला, तिला आता लांब चालवत नाही. मुलांकडे आहे, बरी आहे.

वनी तेव्हा अकरावीला डहाणूच्या कॉलेजात जात होती. ती म्हणाली, "बरी म्हणजे किती? चल आजी."

धाकट्या डहाणूला टमटममधून उतरलो तर काटेवाली थांब्यावरच बसलेली. आम्हांला बघून तिला आनंद झाला, पण लगेच म्हणाली, "बसा, जरा पाणी पिऊन येते," आणि काठी टेकत घरात गेली. घरं शेजारी शेजारी, दोन मुलांची दोन. दुपारी थोरल्याकडे, संध्याकाळी धाकट्याकडे, असं जेवणाचं वाटप झालेलं. थोरली सून सांगत होती, "आमच्याकडे कमीच जेवतात, धाकटीकडे पोटभर होतं." धाकटी सून म्हणाली, "दुपारी थोरलीकडे भरपूर जेवतात, म्हणून रात्री नको म्हणतात."

वनीने माझ्याकडे बघितलं. मी वनीकडे.

काटा तिच्या घरात खुंटीला होता. वनीने तो काढला. झाड जवळ नव्हतं, तेव्हा बोंबील सुकवायच्या बांबूच्या वलांडीला टांगला आणि झोळी बांधली. "आजी, बस." काटेवाली हसून नको नको म्हणत होती, पण दोन्ही सुनांनी तिला उचलून आत बसवली. एका बाजूला बोंबील, एका बाजूला ती. म्हणाली, "आता दोन दिवस उन्हात ठेवा म्हणजे झाले."

काट्याने साडेबेचाळीस दाखवले. वनीने वाकून तिच्या पोटावर दोन बोटं ठेवली.

"आजी, पाणी किती प्यायलीस?"

काटेवालीने झोळीचा काठ तोंडावर ओढला.

"आजी."

"दोन तांबे," ती म्हणाली. "तुम्हाला टमटममधून उतरताना बघितलं मी. घरच्या सुनांची अब्रू जाते गो."

आम्ही तिला उतरवून गप्पा मारत बसलो. तासाभराने वनी म्हणाली, "जा आजी, आता मुतून ये." आली तेव्हा पुन्हा जोखलं. अर्धा काट्याचा, बाकी चाळीस. पूर्वी ती माझ्याहून जाडी होती.

जेवणाच्या वेळेला ती थांब्यावर जाऊन बसायची. तलासरीकडच्या माणसांना धरून विचारायची, अमकीचं पोर कसं आहे, तमकीची पोरगी शाळेत जाते का. दोन्ही वेळच्या टमटम नेमक्या जेवायच्या वेळेला यायच्या. घरी सांगायची, तिकडे जेवले. हे कळल्यावर वनीने सुनांना सांगितलं, "जिथे टमटम तिथे ताट." त्या बिचाऱ्या भल्या होत्या, त्यांनी ऐकलं. थांब्यावर ताट घेऊन सून, शेजारी म्हातारी. टमटमवाले हसायचे आणि एखादा बोंबील उचलायचे.

घरी येऊन वनीने पांढऱ्या नायलॉनला चाळीस गाठी मारल्या. अख्खा दिवस गेला तिचा. महिन्यातून एका रविवारी ती कॉलेजातल्या मैत्रिणीबरोबर जायची आणि काटेवालीला वलांडीवर टांगायची.

दीड वर्षाने काटेवाली गेली. तापाने. आजारपणात आम्ही तिला जोखलं नाही. आजाऱ्याला काट्यावर टांगत नाहीत, हे तिनेच शिकवलेलं. तेराव्याला तिच्या सुनांनी काटा वनीच्या हातात दिला. मी पांढरी दोरी नेली होती, ती त्यांना दाखवली. त्रेचाळीस गाठी, आणि वळी एकही नाही. दोघींनी ती हातात घेऊन पार शेवटापर्यंत बघितली.

आता दिवाळीनंतर भट्टीवर जायच्या आधी बायका स्वतःच पोरं घेऊन आमच्या आंब्याखाली येतात. वनी जोखते, अंगणवाडीची ताई वहीत लिहिते, आता वही मिटत नाही. काट्याच्या खुंटीला तीन दोऱ्या आहेत. वनीची पिवळी, दोन वळ्यांची. काटेवालीची पांढरी. तिसरी हिरवी, ती माझी. ती वनीने मला न विचारता सुरू केली. जोखायच्या दिवशी मी सकाळपासून पाणी कमी पिते. उगाच शंका नको.